मेस लावताना या चुका टाळा: महिन्याचा नको, ताटाचा दर काढा

कॉलेज सुरू झालं की पुण्यात नवा आलेला विद्यार्थी सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा कॉलेजमागच्या गल्लीत बोर्ड वाचत फिरतो आणि एकच प्रश्न विचारतो, "दोन वेळचे महिन्याला किती?" आकडा परवडला की पैसे भरून मोकळा. खरी गळती पैसे भरूनही न खाल्लेल्या ताटांतून होते. ती दिसायला महिना जावा लागतो, म्हणून आधी हिशोब करा.

साठ ताटं धरून चालणं

समजा दर ३,३०० रुपये आहे. ३० दिवस, दोन वेळा, म्हणजे ६० ताटं, ५५ रुपयांना एक. पण बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. चार रविवार गेले, उरली ५६. महिन्यातून दोनदा गावी जात असाल, तर शुक्रवारची रात्र, शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवारची दुपार, अशी एका खेपेला चार ताटं बुडतात. दोन खेपांची आठ वजा केली की ४८. लांबलेलं प्रॅक्टिकल, कुणाचा वाढदिवस, धो धो पाऊस यांत आणखी चार जातात. खाल्ली ४४, म्हणजे एक ताट पडलं ७५ रुपयांना. तिथेच सुटी थाळी ८० रुपयांना मिळत असेल, तर आगाऊ पैसे अडकवून महिन्याला वाचले अवघे २२० रुपये.

म्हणून आधी टाइमटेबल समोर घ्या. मेसची दुपारची वेळ १२ ते २:३० आणि तुमचं प्रॅक्टिकल ११:१५ ते २:१५ असेल, तर आठवड्यातले ते दिवस दुपारच्या जेवणावर फुली मारा. शेवटच्या दहा मिनिटांत पोहोचलात तरी पोळ्या संपलेल्या आणि रश्शात पाणी वाढलेलं असतं. अशी फुली आठवड्यात तीनदा पडत असेल, तर एक वेळची, म्हणजे रात्रीची मेस लावा आणि दुपारी सुटी थाळी खा.

खाड्याचा नियम न विचारणं

खाडा म्हणजे तुम्ही कळवून गैरहजर राहिलात तर वजा होणारे दिवस. बोर्डावर "खाडा धरला जाईल" एवढंच असतं, अटी तोंडी. नेहमीची अट म्हणजे किमान तीन दिवस सलग हवेत. आता वरची गावची खेप पाहा. शुक्रवारी दुपारी तुम्ही जेवलात, रविवारी संध्याकाळी मेस बंदच होती, त्यामुळे पूर्ण गैरहजेरीचा दिवस म्हणून फक्त शनिवार मोजला जातो. चार ताटं गेली आणि खाडा शून्य. मेसवाला इथे खोटं बोलत नाही, अटच तशी असते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी स्पष्ट विचारा. खाडा दिवसावर मोजतात की जेवणाच्या वेळेवर? किमान किती सलग लागतात? आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं? आणि खाड्याचे पैसे परत मिळतात की तेवढे दिवस पुढे वाढवून मिळतात? पुढे वाढवून मिळत असतील तर सत्राच्या शेवटच्या महिन्यात त्यांचा उपयोग नाही, तेव्हा तुम्ही गावी असता.

कळवताना काउंटरवरच्या पोराला सांगून निघू नका. खाड्याच्या वहीत नाव-तारीख लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. महिनाअखेरीस वाद होतो तो नेमका या पानावरून.

दिवाळीचा महिना पूर्ण भरणं ही याचीच मोठी बहीण. सुट्टी कधी लागते ते पाहून त्या महिन्यात १५ दिवसांचे पैसे भरा किंवा कूपन घ्या. महिना म्हणजे १ ते ३० की तुम्ही लावल्यापासून ३० दिवस, हेही विचारून घ्या. पेठेतल्या मेसला अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळे पोहोचताच येत नाही, तो दिवस वेगळा.

कूपन आणि 'अनलिमिटेड'

अनियमित जेवणाऱ्याला कूपन बरं, पण मुदत बघा. ३० कूपनांना ३० दिवसांचीच मुदत असेल, तर रोज एक वेळ जेवलंच पाहिजे, मग ती साधी एक वेळची मेसच झाली. ४५ ते ६० दिवस मिळत असतील तर घ्या. फीस्टच्या, म्हणजे रविवारच्या खास जेवणाच्या, दिवशी एका ताटाला दोन कूपनं घेतात का, मित्राला आणलं तर तुमचं कूपन चालतं का, हेही तेव्हाच.

'अनलिमिटेड'मध्ये पोळी, भात, आमटी हवी तेवढी असते. सुकी भाजी बहुधा एकदाच. तीन-चार पोळ्या खाणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. लिमिटेड लावून भूक असेल त्या दिवशी जास्तीची पोळी विकत घ्यावी. मराठवाडा-सोलापूरकडून आलेल्यांनी भाकरी रोज मिळते की ठरावीक वारी, आणि दोन पोळ्यांऐवजी एक की वर पैसे, हे आधी ठरवावं. पुण्याच्या आमटीतला गूळ मात्र कुठल्याही दरात येतोच.

रविवारी चव बघायला जाणं

फीस्टला प्रत्येक मेस चांगली असते. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री, बंद व्हायच्या अर्धा तास आधी, सुटी थाळी घेऊन जेवा. डाळ गिळगिळीत आणि किंचित साबणासारखी लागली तर शिजवताना सोडा पडलाय. त्याने इंधन वाचतं, पण डाळीतलं ब१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. एक पोळी कागदात बांधून न्या आणि तासाभराने तोडून पाहा. चामड्यासारखी ताणली गेली तर कणकेत मैदा असण्याचा संभव आहे. फॅन, गिऱ्हाईक, भिंतीवरचा देव हे सगळं पाहून झालं की भिंतीवर १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांकही शोधा.

डबा लावणार असाल तर तो कधी भरला जातो ते विचारा. सकाळी ९ ला भरलेला भात दुपारी २ ला खाणं पोटाला महाग पडू शकतं. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. डब्यात पोळी-भाजी घ्या, भात रात्री.

होस्टेलची मेस 'बाहेरपेक्षा स्वस्त' समजणं

इथे दोन पद्धती आहेत. कंत्राटदाराची मेस ठरलेल्या दराने, बहुतेकदा सत्राचे पैसे एकदम आणि सक्तीची. तिथे बदल करता येत नाही, रजेचा अर्ज वॉर्डनकडे वेळेत देणं एवढंच हातात असतं. दुसरी, खर्च वाटून घेण्याची. तिथे महिन्याचा किराणा, गॅस, आचाऱ्यांचा पगार यांची बेरीज करून जेवलेल्या दिवसांवर भागतात. आचाऱ्यांचा पगार ६०,००० असेल तर १०० मुलांत माणशी ६०० रुपये येतात. परीक्षेनंतर ४० मुलं उरली की तोच आकडा १,५०० होतो. उशिरा परीक्षा असलेल्यांना शेवटचं बिल फुगलेलं दिसतं ते यामुळे, चोरीमुळेच असं नाही.

स्वाधारच्या भरवशावर आगाऊ ठरवणं

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांत भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये धरलेले आहेत. दहा महिन्यांवर भागलं तर ३,२००, म्हणजे वरच्या उदाहरणातली मेस जवळपास निघते. पण ही रक्कम दरमहा येत नाही. मेसला मात्र पाच तारखेच्या आत आगाऊ लागतात. निदान पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय वेगळी ठेवा, किंवा पंधरा-पंधरा दिवसांनी पैसे घेणारी मेस शोधा.

मेस बिघडल्यावर थांबून राहणं

आचारी बदलला की आठवड्यात चव बदलते. अशा वेळी डिपॉझिट अडकलंय म्हणून पुढचा महिना भरू नका. ५०० रुपयांच्या डिपॉझिटपायी ३,३०० गुंतवण्यात अर्थ नाही. संपायच्या आठ दिवस आधी मेसेजवर कळवा, खाडे शिल्लक असतील तर तेवढे दिवस जेवून घ्या, आणि डिपॉझिटची पावती किंवा ऑनलाइन पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन गर्दी ओसरल्यावर, साडेतीनच्या सुमाराला, मालकालाच गाठा. काउंटरवरच्या पोराकडे द्यायला पैसे नसतात.