नवीन रंगीत फिल्म: पहिला १२० रोल कसा तपासावा

नवी फिल्म हाती आली की पहिलाच रोल लग्नात किंवा सहलीत संपवू नये. ६×६ सेंटीमीटरची चौकोनी फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात १२० चा (पाठीला कागद असलेला रुंद फिल्मचा) रोल १२ फ्रेमच देतो. त्या बाराही चाचणीला द्याव्यात. खालचे आकडे २०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचा आकडा) फिल्मसाठी आहेत, उदाहरणार्थ २०२२ मध्ये १२० आकारात आलेली कोडॅक गोल्ड २००.

फ्रिजमधला रोल दोन तास आधी बाहेर काढावा, पाकीट तोवर फोडू नये. नाहीतर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं. कॅमेरा सावलीतच भरावा. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी आला की पाठ बंद करावी. गुंडाळी सैल बसली तर कडांमधून उजेड शिरतो आणि फ्रेमच्या बाजूला केशरी पट्टे येतात.

दिवाळीनंतरचं निरभ्र आकाश, सकाळी दहाच्या सुमाराचं ऊन पाठीमागे. खानापूरकडच्या शेतात एकाच चौकटीत लाल माती, हिरवा ऊस, जांभ्याचा बांध, काळा दगड आणि बांधावर टाकलेला पांढरा टॉवेल बसवता येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर. शटर १/२५० सेकंदावर ठेवून लेन्सच्या छिद्राच्या पाच आकड्यांवर पाच फ्रेम घ्याव्यात: एफ/२२, १६, ११, ८ आणि ५.६. एफ/१६ म्हणजे डब्यावरचा वेग, एफ/२२ एक स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), बाकीच्या एकेक स्टॉप जास्त. शटरऐवजी छिद्र बदलायचं, कारण जुन्या कॅमेऱ्यांचा प्रत्येक शटरवेग वेगवेगळ्या प्रमाणात चुकतो. प्रत्येक फ्रेमचा आकडा लगेच वहीत लिहावा.

सहा ते आठ: आंब्याच्या सावलीत चेहरा. प्रकाश मोजायचा मीटर चेहऱ्याजवळ धरावा. मोजमापाइतकं, मग एक आणि दोन स्टॉप जास्त. नववी फ्रेम इथे फार महत्त्वाची: त्याच माणसाला उन्हात लाल मातीवर उभं करावं. जमिनीवरून उसळलेला तांबूस उजेड हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला चढतो. डोळा तो दुरुस्त करून घेतो, फिल्म घेत नाही. उबदार रंगाच्या फिल्मवर तर तो ठळक दिसतो. दहा-अकरा उन्हाविरुद्ध, बारावी घरातल्या पिवळ्या बल्बखाली.

रोल संपला की पट्टी घट्ट चिकटवून तो अंधाऱ्या डबीत ठेवावा आणि लवकर पाठवावा. कुरिअर करण्याआधी लॅब १२० ची रंगीत निगेटिव्ह सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या रासायनिक पद्धतीत) धुते का, हे विचारून घ्यावं. सगळ्यांकडे ती सोय नसते. घरी धुणार असाल तर डेव्हलपर ३७.८ अंशांवर, ३ मिनिटं १५ सेकंद. तापमान अर्ध्या अंशानं हललं तरी रंग सरकू शकतात.

स्कॅन करताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. ते चालू राहिलं तर यंत्र पाचही फ्रेम सारख्याच उजळ करून देतं आणि चाचणी वाया जाते. तरीही निकाल निगेटिव्हवरूनच लावावा. लाइट पॅडवर आधी कडेची अक्षरं बघा: ती कारखान्यातच उमटवलेली असतात. ती फिकी दिसली तर दोष बहुधा धुण्यात आहे, तुमच्या एक्स्पोजरमध्ये नाही. मग काळ्या दगडाच्या फटी शोधा. त्या जागी निगेटिव्ह कोरी असेल तर प्रकाश कमी पडला.

फटी दिसू लागतात ती पहिली फ्रेम तुमच्या कॅमेऱ्यासाठी त्या फिल्मचा वेग सांगते. ती एफ/११ ची निघाली तर पुढच्या रोलला मीटर १०० वर लावा. लॅबला मात्र नेहमीसारखंच धुवायला सांगा.