प्रचारखर्चाचं काम अंगावर आलंय? आधी स्टेजवर कोण कोण चढलं ते लिहून ठेवा

बी.कॉम. झालंय, टॅली येतं, म्हणून पक्षाच्या जिल्हा कार्यालयात तुम्हाला एका खुर्चीवर बसवलंय आणि 'निवडणुकीचा खर्च तुम्ही बघायचा' एवढंच सांगून मंडळी प्रचाराला निघून गेलीत, असं धरून लिहितो. आचारसंहिता काय, खर्च निरीक्षक कोण, हे तुम्हाला ठाऊक असणार. नसेल तर कलेक्टर कचेरीत उमेदवारांसाठी बैठक होते तिला जाऊन बसा, तिथं व्यवस्थित सांगतात. मी सांगतोय ते त्या बैठकीतून बाहेर पडल्यावर सुरू होतं.

हिशोबाच्या वह्या दोन असतात. उमेदवाराची वही अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७. तिला मर्यादा आहे: २०२२ पासून आपल्याकडं विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालापासून ३० दिवसांत ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडं द्यायची. पक्षाची वही मात्र निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी उघडते आणि निवडणूक प्रक्रिया संपेपर्यंत चालते. तिला मर्यादा नाही. विधानसभेला ७५ आणि लोकसभेला ९० दिवसांत ती निवडणूक आयोगाकडं जाते. आपण जिल्ह्यातून प्रदेश कार्यालयाला पाठवायचं, पुढचं ते बघतात.

२०२४ च्या विधानसभेचंच घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला, अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, निकाल २३ नोव्हेंबर. म्हणजे पक्षाची वही उमेदवाराच्या वहीआधी आठवडाभर, काही ठिकाणी दोन आठवडे चालू होती. या मधल्या दिवसांत छापलेली पत्रकं, शिवून घेतलेले झेंडे, उपरणी पक्षाच्या वहीत पडतात आणि सगळे निश्चिंत होतात. पण तोच माल अर्ज भरल्यावर उमेदवाराच्या प्रचारात बाहेर निघाला, की तो त्याच्या खर्चात येतो, छपाई कधीचीही असो. बिलाची तारीख दाखवून सुटता येत नाही. अर्ज भरायला जातानाची मिरवणूकही उमेदवाराचीच. हलगी, घुमकं, कैताळ, जेसीबीतून उधळलेली फुलं, सगळं त्याच दिवशी त्याच्या वहीत. जेसीबी कुणा कार्यकर्त्याच्या घरचा असला तरी जिल्हा प्रशासनाच्या दरसूचीप्रमाणं भाडं धरायचं. फुकट आलं म्हणजे शून्य, असं या कामात नसतं.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कोल्हापुरात कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात बसा, दिवसातून दहा वेळा एक वाक्य ऐकू येतं: "पक्षाच्या नावावर टाका की, तिकडं कुठं लिमिट हाय?" बोलणारा माणूस वाईट नसतो. बऱ्याचदा त्यानं चाळीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेल्या असतात, आणि त्याच्या उमेदीच्या काळात हे खरंही होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशोबात यायला हवा. लगेच कायदाच बदलला गेला आणि पक्षाचा खर्च बाहेर काढला गेला. ती पळवाट २००३ च्या दुरुस्तीनं बंद झाली. आता उमेदवाराच्या हिशोबातून सुटतो तो स्टार प्रचारकांच्या, म्हणजे पक्षानं यादी देऊन नेमलेल्या नेत्यांच्या, प्रवासाचा खर्च. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० जण, नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाला २०, आणि तेही अधिसूचनेनंतर ७ दिवसांत यादी दिली असेल तर. फक्त प्रवास. मंडप नाही, एलईडी स्क्रीन नाही, खुर्च्या नाहीत.

सभा गांधी मैदानावर आहे असं समजा. मोठा नेता येणार, परवानगी पक्षाच्या नावानं, मंडपवाल्याला ऑर्डर पक्षाची, पैसे पक्षाच्या खात्यातून. तुम्ही म्हणाल, पक्षाचाच खर्च. स्टेजवर कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण आणि करवीरचे उमेदवार नेत्याच्या शेजारी बसले, की संपलं. नेत्याचा प्रवास सोडून सभेचा सगळा खर्च त्या तिघांवर समान वाटला जातो. खर्च ९ लाख झाला तर प्रत्येकी ३ लाख. उमेदवार स्टेजवर नसला, पण मागच्या फलकावर त्याचा फोटो असला किंवा नेत्यानं भाषणात त्याचं नाव घेऊन मतं मागितली, तरी तेच. पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हा वेगळा प्रश्न. पक्षानं दिले असतील तर पक्षाच्या वहीत 'उमेदवारासाठी केलेला खर्च' म्हणून दाखवायचे आणि उमेदवाराच्या वहीत पक्षाकडून झालेला खर्च म्हणून. रक्कम दोन्हीकडं एकच हवी. मर्यादेच्या ४० लाखांतून ती वजा होतेच.

आणि मग सभा रंगात आलेली असताना शेजारच्या मतदारसंघाचा उमेदवार येतो. त्याची स्वतःची पदयात्रा संपवून, घामाघूम, 'साहेबांना फक्त भेटून जातो' म्हणत. निवेदक नाव पुकारतो, शाल, हार, साहेबांसोबत हात वर करून एक फोटो, आणि तो खाली उतरून गाडीत बसतो. दोन मिनिटं. आयोगाचं व्हिडिओ पथक स्टेजच्या समोर उभं असतं आणि ती दोन मिनिटं त्यांच्याकडं चित्रित झालेली असतात. आता वाटणी तिघांत नाही, चौघांत. तिघांच्या वह्या पुन्हा लिहायच्या आणि चौथ्याला समजावायचं, की तुमच्या नावावर सव्वादोन लाख पडलेत. तो माणूस सभेला आलाच नव्हता असं त्याचा निवडणूक प्रतिनिधी छातीठोकपणे सांगतो, कारण तो प्रतिनिधी तेव्हा दुसरीकडं असतो.

मला या कामात खरा घाम फुटला तो इथं. मंडपवाल्यानं तीन सभांचं मिळून एकच बिल दिलं होतं. वर नुसतं 'सभा मंडप, खुर्ची, सोफा, साउंड' आणि खाली एकूण रक्कम. कुठल्या सभेचं किती, कळायला मार्ग नाही. चारही उमेदवारांच्या ऑफिसातून एकच उत्तर, 'आमचं नव्हं ते, जिल्ह्याचं हाय.' भर प्रचारात मंडपवाला गोदामावर सापडत नाही, फोनवर 'येतो की' म्हणतो आणि येत नाही. शेवटी त्याच्या मुनिमाकडच्या डायरीत कुठल्या दिवशी किती खुर्च्या गेल्या हे पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, त्यावरून बिलं फोडून घेतली. अजून कुणी 'एकत्रच बिल देतो की सर' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून सांगतो, प्रत्येक सभेला एक कागद. वर तारीख, ठिकाण, परवानगी कुणाच्या नावावर, वक्ते कोण. खाली स्टेजवर चढलेल्या प्रत्येक उमेदवाराचं नाव आणि फलकावर कुणाचे फोटो होते ते. सभा संपायच्या आत हे लिहायचं, स्टेजजवळ उभं राहून, मोबाइलवर फलकाचा फोटो काढून. ऑफिसात परत येऊन आठवून लिहू म्हणाल तर ते होत नाही. बिलं सभेगणिक वेगळी, आणि ऑर्डर देतानाच तसं सांगायचं. कंटाळवाणं आहे. करा.

हेलिकॉप्टरचंही असंच. नेता उजळाईवाडीला उतरला, पुढं चंदगडला निघाला आणि उमेदवार हौसेनं सोबत बसला, तर त्या प्रवासखर्चाचा निम्मा भाग उमेदवारावर येतो. वरून दिसणारी पंचगंगा फार महाग पडते.

हे वाचून घाबरायला झालं असेल तर थांबा. यातलं काहीही अवघड नाही, फक्त वेळेवर लिहावं लागतं. उमेदवारांचा खर्च तपासणाऱ्या लेखा पथकातली माणसंही तुमच्या वाईटावर नसतात. बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्यातून निवडणुकीच्या कामाला आलेले असतात, त्यांनाही घरी जायचं असतं. उमेदवाराची नोंदवही प्रचाराच्या काळात किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते, आणि त्यांच्याकडच्या शॅडो रजिस्टरशी, म्हणजे त्यांनी स्वतः ठेवलेल्या तुमच्या खर्चाच्या नोंदींशी, ती ताडून बघतात. तफावत निघाली तर नोटीस येते, ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. नोटीस आली म्हणजे जगबुडी झाली असं नाही. सभेचा कागद आणि फोटो जोडून सरळ उत्तर दिलं तर मान्य होतं, किंवा तुमची रक्कम दुरुस्त होते. उत्तरच दिलं नाही तर त्यांचा आकडा तुमच्या डोक्यावर बसतो.

दरसूचीबद्दल एक. जिल्हा प्रशासन पक्षांना बोलावून दर ठरवतं, चहापासून मांसाहारी थाळीपर्यंत आणि प्रचाराच्या रिक्षापासून एलईडी व्हॅनपर्यंत. त्या बैठकीला बहुतेक पक्ष कुणालाही पाठवतात, तो माणूस चहा पिऊन येतो आणि नंतर सगळे दरांवर कुरकुरत बसतात. हरकत घ्यायची जागा तीच आहे. तुम्ही जा. तांबड्या-पांढऱ्याच्या पंगती उठणाऱ्या जिल्ह्यात थाळीचा दर ही थट्टेची बाब नाही.

आता गुरूंविषयी. या कामात दोन प्रकारचे गुरू भेटतात. पहिला म्हणतो, 'मागच्या वेळची फाइल घे, नावं बदल, काम झालं.' त्याच्यापासून लांब राहा. मागच्या फाइलमध्ये मर्यादा जुनी असते, रोखीची अट जुनी असते. ती पूर्वी वीस हजार होती, २०१८ पासून एका व्यक्तीला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून रोख १०,००० रुपयेच. त्यावर चेक किंवा ऑनलाइन, तेही अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेल्या वेगळ्या खात्यातून. दुसरा गुरू गोकुळ दूध संघाच्या आणि साखर कारखान्यांच्या निवडणुका कोळून प्यायलेला असतो. माणसं जोडायला त्याच्याकडून शिका, हिशोब नको. तिथले नियम वेगळे. महापालिका आणि जिल्हा परिषदही राज्य निवडणूक आयोगाकडं, त्यांची मर्यादा आणि नमुने वेगळे. माझं मत विचाराल तर या कामातला सगळ्यात भरवशाचा माणूस छापखान्याचा मालक. कलम १२७अ प्रमाणं पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायचा आणि प्रत कलेक्टर कचेरीत द्यायची जबाबदारी त्याच्यावर असते, म्हणून त्याच्याकडं संख्या पक्की असते. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या तयार एक्सेल शीट मात्र उघडूसुद्धा नका.

कुणी 'मर्यादेत बसवून द्या' म्हणालं तर नाही म्हणायचं. मर्यादा ओलांडणं हा कलम १२३(६) खाली 'भ्रष्ट आचरण' ठरतो, निवडणूक रद्द होऊ शकते. आणि खोटा हिशोब वेळेत दिला म्हणजे सुटलो, असंही नाही. नांदेडमधल्या भोकरच्या २००९ च्या निवडणुकीवरून चाललेल्या अशोक चव्हाण खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं, की हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. त्या प्रकरणातली आयोगाची नोटीस पुढं दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली, पण अधिकाराचा मुद्दा कायम राहिला. हिशोबासोबतच्या शपथपत्रावर सही उमेदवाराची असली तरी वही तुमच्या अक्षरातली असते.

निकाल लागला की खरी पळापळ. जिंकलेला मुंबईला आणि हरलेला फोन बंद करून गावाकडं. हिशोब दोघांनाही द्यायचाय. न दिल्यास कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्र, मग अनामत वाचलेली असो की गेलेली. निकालापासून २६ व्या दिवशी तुमचा आणि त्यांचा हिशोब जुळवायची, ताळमेळाची बैठक असते, २०२४ ला ती १९ डिसेंबरला आली आणि शेवटची तारीख २३. हरलेल्या उमेदवाराकडं स्वतः जा. आधी चहा घ्या, सांत्वन करा, मग रजिस्टर काढा. कोऱ्या शपथपत्रावर सही करून देतो म्हणाले तरी घेऊ नका.

पक्षाच्या वहीत दोन गोष्टी हमखास राहतात. एक म्हणजे पक्षानं उमेदवारांना दिलेली ठोक रक्कम. तिचं वेगळं विवरण निकालानंतर ३० दिवसांतच जातं, ७५ दिवसांची वाट बघायची नाही. दुसरी, सुरुवातीची शिल्लक. घोषणेच्या दिवशी बँकेत किती आणि पेटीत किती, हे विवरणात लागतं. आयोगाची पत्रकार परिषद जाहीर झाली की त्याच संध्याकाळी पेटी मोजा, दोघांच्या सह्या घ्या, पासबुक भरून आणा. महिन्यानं ती रक्कम उलटी हिशोब करून काढायला गेलात तर कुठलाच आकडा जुळत नाही.

प्रदेश कार्यालयाला पाठवलेल्या प्रत्येक पानाची एक प्रत आणि आवक शिक्क्याची पोच स्वतःजवळ ठेवा. आयोगाकडून शंका येतात तेव्हा जिल्हा कार्यालयातली माणसं बदललेली असतात, आणि फोन तुम्हालाच येतो.