ओटीएफ चाकू बघताय? पुण्यात रोज वापरायला कुठला चाकू घ्यावा

अंगठा पुढे सरकवला की खट्ट करून पातं मुठीच्या तोंडातून सरळ बाहेर, मागे ओढला की परत आत. असे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना ओटीएफ (आउट द फ्रंट, म्हणजे पातं समोरून सरळ निघणारा चाकू) घ्यावासा वाटतो आणि त्यात काही चूक नाही, यंत्र म्हणून ती वस्तू खरंच देखणी आहे. पण "रोज जवळ ठेवायला कुठला घेऊ" असं कुणी पुण्यातल्या माणसाने विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे, ओटीएफ घेऊ नका, साधा हाताने उघडायचा घडीचा छोटा चाकू घ्या. नुसतं नको म्हणून कुणी ऐकत नाही हे माहितीये, म्हणून नीट सांगतो. आणि ज्यांची मुलं किंवा भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत आणि तिकडे वापरायला घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी तो कसा तपासून घ्यायचा तेही सांगतो.

आधी आत काय चालतं ते बघू. आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, त्यात पातं कडेने गोल फिरून उघडतं. ओटीएफमध्ये पातं मुठीच्या आत खोबणीत सरळ पुढे-मागे धावतं. यात दोन प्रकार असतात. डबल अ‍ॅक्शनमध्ये एकच सरकपट्टी उघडते पण आणि बंद पण करते, आणि गंमत म्हणजे चाकू नुसता पडलेला असतो तेव्हा स्प्रिंगवर जवळजवळ ताण नसतो. तुम्ही पट्टी ढकलता तेव्हा तुमच्याच अंगठ्याच्या जोराने स्प्रिंग ताणली जाते, मग आतला खटका सुटतो, पातं झपकन निघतं आणि शेवटी पुढच्या खटक्याच्या खाचेत जाऊन बसतं. म्हणूनच ती पट्टी कडक लागते आणि कडकच असायला पाहिजे, नाहीतर खिशात चुकून उघडेल. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये स्प्रिंग आधीपासून दाबून ठेवलेली असते, बटण दाबलं की जोरात सुटतं आणि बंद करताना मात्र हाताने परत ओढून बसवावं लागतं. तो घट्ट बसतो पण रोजच्या वापराला कटकटीचा.

या रचनेमुळे दोन गोष्टी होतात ज्या व्हिडिओत कधी दिसत नाहीत. एक, पातं सरकायला खोबणीत थोडी मोकळीक लागतेच, म्हणजे उघडल्यावर पातं किंचित हलतं, चांगल्या महागड्या कंपनीचंही हलतं, तो दोष नाही. पण लाकूड तासायला, काही उचकटायला किंवा पिळून कापायला तो चाकू नाही. दोन, पातं बाहेर येताना मध्ये काही आडवं आलं तर ते अर्ध्यातच सुटं पडतं, खटक्यात बसत नाही, मग पात्याची सपाट बाजू धरून जपून ओढून परत जागेवर बसवावं लागतं. तोंड कायम उघडं असल्यामुळे खिशातला बारीक धागा, धूळ, वाळू सगळं आत जातं आणि एक दिवस पातं जोर लावूनही पूर्ण बाहेर येत नाही.

आता तुम्ही रोज कापता काय ते आठवा. ऑनलाइन आलेल्या पार्सलची टेप, सुतळी, पोत्याची शिवण, कपड्याचं लेबल, डब्यातलं सफरचंद, आणि रविवारी सिंहगडला किंवा राजगडला गेलात तर काकडी, कांदा, लिंबू. यातल्या खाण्याच्या गोष्टींना ओटीएफइतका गैरसोयीचा चाकू दुसरा नाही. कांद्याचा रस, लिंबाचं आम्ल, आंब्याचा चीक पात्याला लागतो आणि तुम्ही पट्टी मागे ओढली की ते सगळं थेट आतल्या स्प्रिंगपर्यंत जातं. तिथे फडकं पोचत नाही, साफ करायला बारीक टॉर्क्स (ताऱ्यासारख्या खाचेचे) स्क्रू काढून मूठ उघडावी लागते. घडीच्या साध्या चाकूत पातं उघडलं की आतली फट समोर असते, नळाखाली धरा, ब्रश फिरवा, कोरडं करा, झालं. मला तरी हे एकच कारण पुरेसं वाटतं, कायदा बाजूला ठेवला तरी.

पण कायदा बाजूला ठेवता येत नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे नियम २०१६ चे. त्यात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या वापरासाठी बनवलेली सोडून. हे वाचून लोक लगेच म्हणतात, मग माझा तर साडेतीन इंची आहे, मला काय. थांबा. पुण्यात पोलीस आयुक्तांकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाईचे आदेश वेळोवेळी निघत असतात, सण आला, निवडणूक आली, मोर्चे असले की हमखास, आणि त्या कलमात तलवारी, भाले यांच्याबरोबर चाकू, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. तिथे ९ इंच वगैरे भाषा नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा होतो आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. रोज पेपरमध्ये कोयता गँगच्या बातम्या असताना नाकाबंदीत तुमच्या खिशातून खट्ट करून उघडणारं काहीतरी निघालं तर समोरचा हवालदार त्याच्याकडे पार्सल उघडायचं साधन म्हणून बघणार नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही बघितलं नसतं. ऑनलाइन विकत मिळतो म्हणजे जवळ बाळगायला चालतो असं नसतं, विकणाऱ्या साईटला तुमच्या नाकाबंदीशी काही घेणंदेणं नाही.

दिल्लीला कामासाठी जाणाऱ्यांनी तर जास्तच जपा. तिथे १९८० ची अधिसूचना आहे, बटणाने, स्प्रिंगने, गरारीने किंवा तशा यंत्रणेने उघडणारा चाकू आणि पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब, १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर तो थेट शस्त्र कायद्यात येतो. बहुतेक पूर्ण आकाराचे ओटीएफ यात बसतात.

बाहेरच्या देशातलं थोडक्यात. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मुलांनी याचं नावच काढू नये, तिथे असे चाकू बनवणं-विकणं १९५९ पासून बंद आहे आणि २०२१ पासून घरात ठेवणं सुद्धा गुन्हा आहे. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. टेक्ससमध्ये २०१३ पासून खटक्याचे चाकू चालतात, कॅलिफोर्नियात पातं २ इंच किंवा जास्त असेल तर खिशात ठेवता येत नाही, मॅसेच्युसेट्समधली बंदी २०२४ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने रद्द केली. म्हणजे एका राज्यातून गाडीने दुसऱ्या राज्यात गेलात की सगळं बदलू शकतं. आणि भाचा "येताना तुझ्यासाठी आणू का मामा" म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा, कस्टम्सच्या टेबलावर त्याला अडकवण्यात काही अर्थ नाही.

जिथे चालतो तिथे राहणाऱ्याने ओटीएफ घेताना काय बघायचं. पहिलं, धार एकाच बाजूला पाहिजे. दोन्ही बाजूंनी धार असलेलं खंजिरासारखं पातं फोटोत भारी दिसतं पण रोजच्या कामात पात्याच्या पाठीवर बोट टेकवून दाब द्यावा लागतो, तिथेच धार असेल तर बोट कापणार, शिवाय अनेक ठिकाणी खंजिराला कायदा वेगळा लागतो. दुसरं, हातात घेऊन बऱ्याच वेळा उघडबंद करा, हळू ढकलून, जोरात ढकलून, चाकू वर-खाली धरून. प्रत्येक वेळी पातं पूर्ण बसलं पाहिजे, एकदाही अर्ध्यात सुटलं तर तो पीस ठेवून द्या. पात्याची हालचाल जाणवेल एवढी चालेल, खडखड वाजत असेल तर नको. बंद असताना टोक मुठीच्या तोंडात खोल पाहिजे, काठाला लागलेलं नको. पट्टी अंगठ्याला रुतेल इतकी कडक असेल तर हिवाळ्यात गार हाताने ती सरकणारच नाही, ते दुकानात उन्हात लक्षात येत नाही. मायक्रोटेक, बेंचमेड यांचे चांगले असतात पण महाग, आणि नेमक्या त्यांच्याच नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अधिकृत विक्रेता सोडून कुठेही घेऊ नका. स्वस्तातल्या ओटीएफचे आतले खटके मऊ धातूचे असतात, लवकर झिजतात आणि मग उघडलेलं पातं दाब दिल्यावर मागे सरकतं, यासारखं धोक्याचं दुसरं काही नाही. मेंटेनन्स म्हणजे मुठीच्या तोंडातून आत हवा मारायची आणि पातळ तेलाचा एखादा थेंब, जास्त तेल घातलंत तर त्यालाच धूळ चिकटून चिखल होतो.

आता आपल्या पुण्याचं. नुसती पार्सलं उघडायची असतील तर चाकू घेऊच नका, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानातून तुकडे मोडायचं पातं असलेला कटर घ्या, बोथट झालं की पुढचा तुकडा मोडला की काम चालू. फळं, दोरी, ट्रेक, घरातली किरकोळ कामं असं सगळं मिळून हवं असेल तर स्विस घडीचा चाकू, व्हिक्टोरिनॉक्सचा, यापेक्षा शहाणी निवड मला दिसत नाही. त्यांचा ऑफिसर्स नाईफ १८९७ चा आहे आणि अजून मूळ कल्पना तीच आहे, कारण ती बरोबर होती. ५८ मिलिमीटरचा क्लासिक किल्ल्यांच्या जुडग्याला राहतो, त्यात पातं, छोटी कात्री, कानस. ऑफिसमध्ये कात्रीच जास्त वापरली जाते, हा माझा ठाम अनुभव आहे. ट्रेकवाल्यांनी ९१ मिलिमीटरचा स्पार्टन किंवा ९३ चा पायोनियर बघावा. यांना लॉक नसतं, पाठीमागची स्प्रिंग पातं धरून ठेवते, त्यामुळे टोकाने भोसकल्यासारखं काही करू नका, पातं बोटांवर मिटेल. कापायला मात्र काही अडत नाही. आणि मुख्य म्हणजे तो कुणासमोर काढला तरी कुणी दचकत नाही, रेल्वेच्या डब्यात शेजारच्या काकू उलट म्हणतील, अहो जरा इकडे द्या, पेरू कापायचाय.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेलही छान कापतो, पातळ पात्यामुळे टोमॅटो, पाव यासाठी तर उत्तमच. पण आपल्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं मुठीतून निघता निघत नाही, आणि त्याचा कार्बन स्टीलचा प्रकार घेतलात तर मुळशी-ताम्हिणीच्या एका ओल्या दिवसात गंजाचे डाग धरतो, म्हणून घ्यायचाच तर स्टेनलेसचा घ्या.

स्टीलवरून लोक फार डोकं फोडतात. डी२ नावाचं स्टील धार बराच वेळ टिकवतं पण पूर्ण गंजरोधक नाही, जून ते सप्टेंबर सॅकमध्ये ओला राहिला तर ठिपके येणारच. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील मऊ बाजूला, रॉकवेल (कडकपणाचं माप) ५५-५६ च्या आसपास, धार लवकर उतरते पण दोन मिनिटांत परत लागते आणि गंज जवळजवळ नाहीच. एम३९० सारखं महाग स्टील बोथट झालं की साध्या दगडावर माणूस घामाघूम होतो. नवशिक्याने मऊ स्टील घ्यावं, धार लावायला शिकावं.

धार लावायला गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी खुशाल द्या, हा चाकू नको. फिरत्या चाकावर बारीक पात्याची कड तापते आणि तापली की तिचं पाणी उतरतं, मग कितीही घासा धार टिकत नाही, शिवाय प्रत्येक वेळी पात्याचा बराच धातू जातो. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, जाड आणि बारीक. पाण्याने भिजवायचा, पातं दगडाशी १५ ते २० अंशात धरायचं, दोन्ही बाजू सारख्या फिरवायच्या, दाब हलका. कड वळून दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली की बाजू बदलायची, आणि शेवटी बारीक दगडावर एक-एक हात. कागद न फाटता कापला गेला की थांबा.

ठेवायचा कुठे हाही प्रश्न आहेच. रोज पँटच्या खिशाला क्लिपने लटकवून हिंडू नका, बॅगेत डबा-चमचा-नॅपकिनच्या पाऊचमध्ये किंवा टूलकिटमध्ये ठेवा, म्हणजे तो कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. गणपतीच्या गर्दीत, पालखीच्या दिवशी, सभेला, कोर्टात, कॉलेजात, मॅचला जाताना घरीच ठेवा, छोटा क्लासिकसुद्धा. मेट्रोला आणि मॉलला बॅग तपासतात, त्या दिवशी बॅगेतून आधीच काढून ठेवलेला बरा. विमानाला जाताना आदल्या रात्री सगळे कप्पे उलटे करून बघा, केबिनमध्ये कुठलाच चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत गुंडाळून टाका, नाहीतर लोहगावला सिक्युरिटीच्या डब्यात तो कायमचा जातो.