घर आणि व्यवसायाच्या जागेसाठी योग्य दिवे कसे निवडावेत

दिवे विकत घेण्यापूर्वी जागेचा साधा आराखडा कागदावर काढावा आणि कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोण, काय काम करणार आहे, हे त्यावर लिहावे. काम करणाऱ्याचे वयही नोंदवावे, कारण साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. शोभेचा दिवा आधी आणून मग त्याला जागा शोधण्याची पद्धत सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर उजेडाचा हिशेब करावा. वॅट हा आकडा फक्त विजेचा वापर सांगतो. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेन उजेड एलईडी दिवा ८ ते १० वॅटमध्ये देतो. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला, की तो एक लक्स. ये-जा करण्याच्या मार्गिकेला १०० लक्स पुरतात, बैठकीच्या खोलीला साधारण १५०, तर लिहिण्या-वाचण्याच्या कार्यालयीन टेबलावर ५०० लक्स हवेत. समजा, कार्यालय २० चौरस मीटरचे आहे: ५०० ने गुणल्यावर १०,००० ल्युमेन येतात, परंतु भिंती, छत आणि धूळ बराच प्रकाश शोषून घेत असल्याने या संख्येला ०.६ ने भागून सुमारे १६,७०० ल्युमेनचे दिवे घ्यावेत. भिंती गडद असतील, तर आणखी वाढवावे. घरात मात्र सगळी खोली लख्ख करण्यापेक्षा कामाच्या जागी वेगळा दिवा लावणे केव्हाही चांगले.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये दिलेला असतो. शयनगृह आणि बैठकीसाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, तर कार्यालय आणि स्वयंपाकघरासाठी ४००० च्या आसपासचा पांढरा प्रकाश निवडावा. निळसर छटेचा ६५०० केल्विनचा प्रकाश रात्री झोपण्याच्या खोलीत टाळावा, कारण निळ्या प्रकाशामुळे झोप आणणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती मंदावते.

दुकानदारांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते ‘सीआरआय’ या आकड्याकडे. दिव्याखाली वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात, हे तो सांगतो आणि त्याची कमाल मर्यादा १०० आहे. सामान्य वापराला ८० चालतो. कापड, फळे, मांस किंवा सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्यांनी ९० किंवा त्याहून अधिक घ्यावा. लाल रंगाच्या अचूकतेसाठी ‘आर ९’ हा वेगळा आकडा असतो, तोही विक्रेत्याला विचारावा. दुकानात एका रंगाचे दिसलेले कापड बाहेर उन्हात निराळे निघाले, तर ग्राहकाचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणे फार कठीण असते.

आता दिव्याची जागा ठरवावी. ओट्यावरचा दिवा स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे असेल, तर त्याचीच सावली सुरीवर पडते, म्हणून तो वरच्या कपाटाखाली पुढच्या बाजूला बसवावा. आरशाला दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर प्रकाश द्यावा. संगणकाच्या पडद्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसू नये.

मंद करता येणारा दिवा हवा असल्यास बल्ब आणि डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) एकमेकांना जुळतात का, हे तपासावे, अन्यथा प्रकाश थरथरतो. न्हाणीघरासाठी किमान आयपी ४४ संरक्षणाचे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सहन करणारे दिवे घ्यावेत. शेवटी, सगळी खरेदी एकदम करू नये. निवडलेल्या प्रकारचा एकच दिवा आणून रात्री त्याच जागी लावावा, तिथले नेहमीचे काम करून पाहावे आणि मगच उरलेले मागवावेत.