ओल्या लाकडाने घर तापत नाही

पहिल्या हिवाळ्यात मी ताजी तोडलेली लाकडं घर तापवायच्या स्टोव्हमध्ये घातली. ऊब कमी, चरचराट जास्त. ओंडक्यांच्या तोंडाशी फेस यायचा आणि आठवड्याभरात स्टोव्हच्या दाराची काच काळीठिक्कर झाली. मी मात्र स्टोव्हलाच नावं ठेवत बसलो. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. चार किलोच्या ओंडक्यात दोन लिटर! ते वाफ होऊन धुराड्यातून जाईपर्यंत बरीचशी आच त्यातच खर्ची पडते.

ओल २० टक्क्यांखाली आणायची. त्यासाठी ओंडके आणल्याआणल्या फोडून टाका, कारण सालीतून पाणी फारसं निघत नाही. मनगटाहून थोड्या जाड फोडी बऱ्या. खाली दोन आडव्या दांड्या टाकून, वारा आरपार खेळेल अशा रचा आणि फक्त वरून झाका. मी एकदा अख्खी रास ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळली होती. उघडली तेव्हा नुसती बुरशी. पाइनसारख्या मऊ लाकडाला बहुधा एक उन्हाळा पुरतो, ओकला दोन वर्षं द्या. दोन फोडी एकमेकींवर आपटून बघा: खणखणीत वाजल्या तर सुकल्या, बद्द वाजल्या तर अजून थांबा. ओल मोजायचं मीटर असेल तर फोड पुन्हा चिरून आतल्या ताज्या बाजूला टोचा. बाहेरचा आकडा फसवतो.

पेटवताना जाड फोडी खाली, काटक्या वर, आणि काडी वरूनच लावायची. उलटं वाटतं खरं, पण खालून येणारा धूर वरच्या ज्वाळेत जळून जातो. रात्रभर पुरावं म्हणून हवा कोंडून धुमसत ठेवू नका. त्यानेच धुराड्यात डांबरासारखा थर धरतो, आणि तो पेट घेतो. वर्षातून एकदा तरी धुराडं साफ करून घ्या.

पेलेटला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांना, सुकवायची कटकट नाही. त्यात ओल १० टक्क्यांहून कमी असते. साधारण दोन किलो पेलेट घर तापवायच्या एक लिटर तेलाएवढी (हीटिंग ऑइल) उष्णता देतात. पण वीज गेली की बहुतेक पेलेट-स्टोव्ह बंद, आणि पोत्यांना पाणी लागलं की भुसाच हाती येतो. बंद कोठीत साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून हवा खेळू दिल्याशिवाय आत शिरू नका. जळण कुठलंही असो, या वायूचा अलार्म घरात हवाच.

राख झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर, फरशीवर ठेवा. वरून थंडगार दिसली तरी आतले निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात.