ठेव पावती करायला जाण्यापूर्वी

आदल्या रात्री कागद घेऊन बसा आणि हे पैसे कधी लागणार ते आधी लिहा: मुलीची फी जूनमध्ये, घराची गळती पावसाळ्याआधी, असं नेमकं. दर नंतर बघू. पाच वर्षांची ठेव दीड वर्षात मोडली, तर बँक दीड वर्षाच्या ठेवीचाच दर धरते आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. आईच्या ऑपरेशनला आम्हाला एकुलती एक मोठी पावती मोडावी लागली होती. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, एकीच्या तीन करा. लागेल तेवढीच मोडता येते.

मग व्याज हातात हवं की ठेवीतच राहू द्यायचं, ते घरी ठरवून जा. खरा फरक इथे पडतो. एक लाख रुपये, ७ टक्के, पाच वर्षं. दर तिमाहीला १,७५० घेत गेलात तर एकूण ३५,००० मिळतात. पुनर्गुंतवणुकीत तेच १,७५० मुद्दलात मिसळतात, पुढच्या तिमाहीचं व्याज १,०१,७५० वर लागतं, म्हणजे १,७८१. असं वाढत शेवटी हातात साधारण १,४१,४७८ येतात. दरमहा घेतलंत तर ५८३ नव्हे, ५८० च्या आसपास मिळतील, कारण बँक तिमाहीआधी पैसे देते. पेन्शन नसलेल्यांनी तरीही खुशाल दरमहा घ्यावं. घर चालायला हवं.

आधार, पॅन, फोटो, पासबुक बरोबर घ्या. पॅन नसेल तर टीडीएस, म्हणजे बँक व्याजातून परस्पर कापते तो कर, १० ऐवजी २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५० हजारांवर, ज्येष्ठांचं एक लाखावर गेलं की तो कापतात, आणि पुनर्गुंतवणुकीत व्याज हाती आलं नसलं तरी दरवर्षी कापतात. कर बसतच नसेल तर घोषणेचा फॉर्म एप्रिलमध्येच द्या.

पतसंस्था जास्त दर देत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: बँकेत, सहकारी बँकेतही, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही.

नॉमिनीचं नाव पावतीवर छापून आलंय का, ते काउंटरवरच वाचा. मुदत संपल्यावर काय करायचं तेही फॉर्मवर लिहून द्या आणि ती तारीख कॅलेंडरवर मांडा. सूचना नसेल आणि पैसे तसेच पडून राहिले, तर त्यांना बचत खात्याचा किंवा ठेवीचा, यातला कमी असेल तो दर मिळतो.