दूरच्या बटू दीर्घिकेत कृष्णविवर शोधताय? या चुका टाळा

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट, म्हणजे दीर्घिकांचा प्रकाश रंगांनुसार वेगळा करून काढलेल्या नोंदी, सगळ्यांना फुकट उघडे आहेत, त्यामुळे यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्याच्या कॉलेजातली पोरंही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवून घेतात. याचा मला फार आनंद आहे. पण दरवर्षी चुका त्याच. तरुण ताऱ्यांनी केलेलं काम घाईघाईने कृष्णविवराच्या खात्यात टाकलं जातं.

रुंद एच-अल्फा दिसली की झालं!

नाही झालं. कृष्णविवराजवळचा वायू प्रचंड वेगाने फिरतो, म्हणून हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा, म्हणजेच एच-अल्फा, पायथ्याशी पसरते, हे खरं. पण फुटलेल्या ताऱ्याचा वायूही तितक्याच वेगाने पळतो, आणि जिथे नवे तारे भराभर जन्मतात तिथे मोठे तारे फुटणारच. फरक एवढाच की त्यांची रुंदी काही वर्षांत ओसरते.

आमचा एक विद्यार्थी दिवसा कापूस वेचायचा आणि रात्री वर्णपट पाहायचा. एकदा पहाटेच फोन: "मॅडम, कृष्णविवर भेटलं!" मी विचारलं, "वर्णपट कोणत्या तारखेचा?" "ते नाही पाहिलं जी." तोवर गावच्या ग्रुपवर अभिनंदन सुरू झालं होतं, बातमी करायला एक जण घरीही येऊन गेला. मग आम्ही त्याच दीर्घिकेचा डेसी या नंतरच्या आकाश-सर्वेक्षणातला नवा वर्णपट काढला. अरुंद रेषा जिथल्या तिथे होत्या, रुंद पायथा मात्र पार गेलेला. तो सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा होता. पोरगं आठवडाभर कोणाशी बोललं नाही. त्याची मेहनत खरी होती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

मोठ्या संशोधकांनाही हे तपासावं लागलंच. २०१३ साली सुमारे २५,००० बटू दीर्घिका चाळून १३६ ठिकाणी सक्रिय कृष्णविवराच्या खुणा मिळाल्या. त्याच शोधात काही ताराजन्माच्या दीर्घिकांतही रुंद एच-अल्फा दिसली होती. त्या पुन्हा पाहिल्यावर बहुतेकांची रुंदी काही वर्षांत ओसरलेली निघाली.

स्लोनच्या फायलीच्या नावात प्लेट, एमजेडी, फायबर (प्रकाश गोळा करणारा काचतंतू) असे तीन आकडे असतात. मधला म्हणजे निरीक्षणाचा दिवस. तो वहीत उतरवल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही. मग ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा बघा. तीही तशीच रुंद असेल, तर तो दीर्घिकेतून बाहेर वाहणारा वायू असू शकतो.

बीपीटी आलेखाचा निकाल शेवटचा मानणे

१९८१चा हा आलेख नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा हायड्रोजनशी ताडून बघतो, आणि वायू ताऱ्यांनी उजळला की कृष्णविवराने, ते ठिपक्याच्या जागेवरून सांगतो. मोठ्या दीर्घिकांत तो छान चालतो. बटू दीर्घिकांत जड मूलद्रव्यं कमी, म्हणून नायट्रोजनची रेषा क्षीण, आणि कृष्णविवर असूनही ठिपका ताराजन्माच्या बाजूला सरकतो. जेम्स वेबने पाहिलेल्या अतिदूरच्या दीर्घिकांतही हेच दिसतं. त्यामुळे "आलेखात आलं नाही, म्हणजे नाहीच" हेही चूक. हेनिझ २-१० ही फक्त ३ कोटी प्रकाशवर्षांवरची बटू दीर्घिका. तिथे ताराजन्म इतका जोरात आहे की २०११ साली कृष्णविवराचा पुरावा मिळाला तो रेडिओ आणि क्ष-किरणांतून. २०२२ साली हबलच्या निरीक्षणांत तर त्याचा झोत नव्या ताऱ्यांच्या जन्माला चालना देताना दिसला. म्हणून मी रेडिओचे नकाशे आधी उघडते, आलेख नंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात:

वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा एकच रंग पाहून निर्णय नको. जोरदार ताराजन्मातली तापलेली धूळ तोच रंग देते.

स्लोनचा जुना फायबर आकाशाचा जेमतेम ३ कोनीय सेकंदांचा तुकडा बघतो. बटू दीर्घिकेत कृष्णविवर केंद्रापासून दूरही असू शकतं, मग ते त्यात येणारच नाही.

क्ष-किरण दिसले तर आधी क्ष-किरण जोडतारे (सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून क्ष-किरण सोडणाऱ्या जोड्या) वजा करा.

रेषा वर्णपटातल्या गोंगाटाच्या (यादृच्छिक चढउताराच्या) तिप्पटही नसेल, तर तिचं दुसऱ्या रेषेशी गुणोत्तर काढूच नका.

आणि कोणाचा तरी तयार कोड चालवून आलेला तक्ता मला दाखवायला आणू नका. एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा असतात, ६५४८ आणि ६५८४. त्या एकमेकींत मिसळल्या की कोड खुशाल रुंद पायथा काढून देतो. या दोघींची तीव्रता साधारण १:३ असायला हवी. तेवढं पट्टी लावून कागदावर तपासा, मगच या.